कटिंगताईने कापलेली खुर्ची

बाकीचे कटर तीन मापं घेऊन मोकळे व्हायचे, तिथे ती अकरा घ्यायची. शिवणकारखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. टेबलापाशी, जिन्यात, चहाच्या सुट्टीत ती कटिंगताई. कापडाचे साठ थर असोत की सहा, तिचा खडू एकदा फिरला की फिरला. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे कोट, हॉटेलवाल्यांचे ॲप्रन, सगळं तिच्या हाताखालून जायचं. ‘फ्री साइज’ हा शब्द मात्र तिला खपायचा नाही. मालकाने एकदा ऑर्डरीच्या कागदावर तो लिहून आणला, तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, “म्हणजे कुणालाच नीट बसणार नाही, असं लिहा ना सरळ.” मालकाने ऐकून घेतलं. ती तोंडाची तिखट होती, पण तिच्या टेबलावर कापडाची चिंधीसुद्धा वाया जायची नाही.

अडतिसाव्या वर्षी एका दुपारी ती वरच्या फळीवरचा तागा काढायला शिडीवर चढली. ती लोखंडी मांडणी भिंतीला ठोकलेली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आज ठोकू, उद्या ठोकू असं सगळ्यांचंच चाललं होतं. तिने तागा ओढला आणि अख्खी मांडणी तिच्यासकट खाली आली. ताग्यांच्या ढिगातून तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. “पायावरचा तागा काढा आधी,” असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पायावर तागा नव्हताच.

दवाखान्यातून ती धाकट्या भावाच्या घरी आली. भाऊ रंगारी, दोन खोल्यांचं घर, पुढे अरुंद गल्ली. सकाळी कामावर जाण्याआधी भाऊ तिला उचलून खिडकीशी बसवायचा आणि संध्याकाळी परत उचलून आत न्यायचा. मधल्या वेळात लागलं-सवरलं तर भावजय तिला चादरीवर बसवून फरशीवरून ओढत न्यायची. भावजय हाडाने बारीक, पण बोलायला दांडगी. “ताई, आता तुमच्यामुळे फरशी पुसायचं कामच राहिलं नाही बघा,” असं म्हणून ती हसायची. कटिंगताईही हसायची. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

बाजारात अंगाला बेतून दिलेली चाकाची खुर्ची मिळत होती, नाही असं नाही. पण तिची किंमत ऐकून भावाने दुकानदाराला दोनदा विचारलं, की ही एका खुर्चीचीच ना? मग त्यांनी एका मदत संस्थेत अर्ज केला. अर्जाला फोटो, फोटोला सही, सहीला शिक्का, आणि या सगळ्यानंतर चौदा महिने वाट. शेवटी बोलावणं आलं. मांडवात दोनशे खुर्च्या ओळीने उभ्या, सगळ्या एकसारख्या, चकचकीत, पाठीवर संस्थेचा शिक्का. पाहुण्यांनी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले. तिने एका कागदावर सही केली. कागदात लिहिलं होतं, की खुर्ची विकणार नाही, मोडणार नाही, तिच्यात काही फेरफार करणार नाही.

भाऊ तिला ढकलत घरी आणत होता तेव्हा त्याच्या पायाला पंख फुटले होते. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. आणि मग खुर्ची घराच्या दाराशी येऊन थांबली. भावाने सरळ ढकलली, तिरपी ढकलली, उलटी फिरवून ओढली. खुर्ची दारातून जाईना.

“उतरव मला,” कटिंगताई म्हणाली.

तिला पुन्हा उचलून आत नेलं आणि खुर्ची घडी करून मागून आणली.

तरी तिने खुर्चीला नावं ठेवली नाहीत. मिळालेल्या वस्तूत खोड काढायची म्हणजे चार लोक तोंडात शेण घालतील, असं तिला वाटलं. ती रोज गल्लीत खुर्चीवर बसायची. बसायची म्हणजे काय, खुर्चीत हरवायची. दोन्ही बाजूंना तीन तीन बोटं रिकामी, म्हणून अंग एकीकडे कलायचं. खालचं कापड झोळीसारखं लोंबायचं. पाय ठेवायच्या पट्ट्या इतक्या खाली की पाय लटकायचे आणि ती हळूहळू पुढे घसरायची. महिनाभरात पुढचं एक छोटं चाक गटाराच्या जाळीत अडकून वाकलं. संस्थेला फोन केला तर तिकडून सांगितलं, की सुटे भाग येत नाहीत, पुढच्या वाटपाला नवा अर्ज करा.

कमरेखाली तिला काही जाणवत नव्हतं, त्यामुळे जे झालं ते तिला कळलंच नाही. भावजयीने एक दिवस कपडे बदलताना पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बसण्याच्या जागी, हाडाच्या वर, रुपयाएवढी जखम. कडा काळ्या, आत खोल. दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग खुर्चीच्या झोळीत स्वतःचा हात दाबून पाहिला.

“यावर बसवत होता हिला? उशी नाही, आधार नाही?”

“संस्थेने दिलेली खुर्ची आहे,” भाऊ चाचरत म्हणाला.

“खुर्ची कुणी दिली ते जखमेला कळत नाही. अशा जखमेने माणसं जातात, माहीत आहे का? आता दीड-दोन महिने पालथं झोपायचं. खुर्चीचं नावही काढायचं नाही.”

दोन महिने ती पालथी पडून होती. समोर फरशी, फरशीच्या पलीकडे कोपरा आणि कोपऱ्यात ती खुर्ची. पहिले काही दिवस तिने तिच्याकडे बघायचंही टाळलं. मग बघायला लागली. कापडाकडे बघावं तशी, डोळे बारीक करून. एका सकाळी तिने भावजयीला हाक मारली.

“अगं, माझी टेप कुठे आहे?”

“कुठली टेप?”

“कारखान्यातली. पेटीत असेल. आण. आणि खुर्ची माझ्याजवळ ओढ. तुझ्या लेकीची एखादी अर्धी राहिलेली वही असेल तर तीही.”

आधी तिने खुर्ची मोजली. बसायची जागा अठरा इंच, चाकांसकट बाहेरून सव्वीस. मग भावजयीकडून स्वतःचं अंग मोजून घेतलं. कंबर आडवी साडेतेरा इंच. बसण्यापासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बसण्यापासून खांद्याच्या पात्यापर्यंत. भावजय मापं ओरडून सांगत होती आणि ती पालथी पडून वहीत लिहीत होती. शेवटी तिने दाराचं माप घ्यायला सांगितलं. चौकटीच्या आतून पंचवीस इंच.

तिने पेन्सिल खाली ठेवली. “एका इंचासाठी,” ती म्हणाली. “एका इंचासाठी माझा भाऊ मला रोज पोत्यासारखा उचलतोय.”

त्या दिवशी तिने मनाशी चंग बांधला.

गल्लीच्या तोंडाला सायकलवाले काका होते. साठीचे, टकले, कानावर कायम पेन्सिल. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. काका तोंडाने सतत कुरकुरायचे आणि हाताने सतत काम करायचे. भावजय त्यांना घरी घेऊन आली. कटिंगताईने झोपल्या झोपल्या वही पुढे केली.

“काका, ही खुर्ची तीन इंचांनी आत घ्यायची आहे.”

“आत घ्यायची? सदरा आहे का तो?”

“सदराच समजा.”

काकांनी खुर्ची उघडली, मिटली, उलटी केली. खालचे फुलीसारखे दोन पाइप बोटाने ठोकून पाहिले. “ही घडी होते ती या फुलीमुळे. फुली आखूड करायची म्हणजे भोकं, खिट्ट्या, सगळंच नव्याने जुळवायला हवं. माझ्या बापजन्मी जमणार नाही.”

“आणि फुली काढूनच टाकली तर? सरळ आडवे पाइप जोडले तर?”

“मग घडी होणार नाही.”

“घडी करून मला कुठे जायचं आहे? मला स्वयंपाकघरात जायचं आहे.”

काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. “अहो पण दानाची वस्तू. शिक्का आहे त्याच्यावर. तुम्ही सहीबिही केली असेल.”

“केली आहे.”

“मग?”

“मग कापा.”

काका हात झटकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंड कापायची करवत घेऊन आले. आल्या आल्या म्हणाले, “तुरुंगात गेलो तर डबा तुमच्या भावजयीने द्यायचा,” आणि कामाला बसले.

पहिल्यांदा खुर्ची बिघडली. मागची चाकं जरा पुढे घेतली तर हाताला हलकं जाईल, हा हिशोब कटिंगताईचा होता आणि तो बरोबरही होता. पण चाकं फार पुढे गेली. जखम भरल्यावर ती पहिल्यांदा गल्लीत बसली, दोन्ही हातांनी जोर लावला आणि खुर्चीसकट मागे उताणी पडली. डोक्याला टेंगूळ आलं. भाऊ धावत आला आणि काकांवर इतका ओरडला की शेजारच्या गल्लीतून माणसं आली. काकांनी मान खाली घातली.

“त्यांना कशाला बोलतोस?” कटिंगताई तशीच आभाळाकडे बघत म्हणाली. “माप माझं चुकलं. काका, दोन इंच मागे घ्या. आणि मला उचला कुणीतरी, काय बघताय.”

दुसऱ्यांदा खुर्ची जमली. पुढची छोटी चाकं काढून काकांनी गोदामांत वापरतात तसल्या हातगाडीची जाड रबरी चाकं बसवली होती. ती जाळीत अडकत नव्हती. खाली झोळीऐवजी फळी, फळीवर तिने स्वतः कापलेली उशी. उशीवर तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला. खालचा फोम कडक, वरचा मऊ, आणि जिथे हाड टेकतं तिथे खोलगट वाटी. कापडाचे थर कापणाऱ्या हाताला फोम कापणं काही जड नव्हतं. नर्सबाईंनी उशीखाली हात घालून चाचपलं आणि म्हणाल्या, “कुणी शिकवलं?” तिने वही दाखवली. तासातून तीन-चार वेळा हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, एवढी ताकीद नर्सबाईंनी दिली आणि ती तिने पुढे आयुष्यभर पाळली.

मग ती दाराशी आली. दोन्ही बाजूंना एक एक इंच. चाकांवर हात ठेवले तर बोटं चौकटीला सोलवटत होती, म्हणून तिने चौकट धरली आणि स्वतःला आत ओढलं. आतल्या खोलीतून ती मोरीपर्यंत गेली. मोरीचं दार आत उघडायचं आणि वाट अडवायचं. भावाने त्याच दिवशी ते बिजागरीतून काढलं आणि पडदा लावला. पडद्यापलीकडे ती एकटी होती. अपघातानंतर पहिल्यांदा कुणी तिला धरलेलं नव्हतं, कुणी बाहेरून “झालं का?” असं विचारत नव्हतं. ती आत बराच वेळ बसली. भावजय बाहेर उभी होती. तिला नळाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं, आणि त्या आवाजाखाली ताईचं रडणंही. पण तिने हाक मारली नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी एक शिक्षिका आली, दोन गल्ल्या पलीकडची. तिच्या खुर्चीत बसून फळ्याच्या खालच्या काठापर्यंतच हात पोहोचायचा. मग एक बाई आल्या. त्यांना खुर्चीवरून पलंगावर स्वतः सरकायचं होतं, पण हात ठेवायच्या दांड्या कायमच्या जोडलेल्या, त्या वाट अडवायच्या. कटिंगताई प्रत्येकाला आधी एकच विचारायची, “तुम्हाला जायचं कुठे आहे?” लोक गोंधळायचे. आजवर कुणी त्यांना हे विचारलेलं नव्हतं. मग उत्तर यायचं. फळ्यापर्यंत. पलंगावर. बहिणीच्या घरी. एक गृहस्थ म्हणाले, “कुठेच नाही. पण दारात बसलो तर रस्ता दिसावा.” तेही तिने वहीत लिहून घेतलं.

काका दिवसाचं काम संपवून दोन-दोन तास यासाठी देत होते. पण पाइप, चाकं, फोम आणायचं कुठून, हा प्रश्न होताच. शेवटी वही मांडीवर ठेवून ती संस्थेच्या कार्यालयात गेली. बरोबर भावजय होती. संस्थेचे चिटणीस भले गृहस्थ होते, म्हणजे आपण भले आहोत याची त्यांना खात्री होती. त्यांची नजर आधी तिच्या खुर्चीवर गेली.

“ही आमची खुर्ची?”

“तुमचीच. कापली मी.”

“बाई, तुम्ही सही केली होती.”

“केली होती. ती पाळत बसले असते तर आज तुम्ही माझ्या फोटोला हार घातला असता.”

चिटणिसांनी घसा खाकरला. “हे बघा, आम्ही दरवर्षी दोनशे लोकांना खुर्च्या देतो. एकेकाचं माप घेत बसलो तर दोनशेच्या जागी पन्नासच होतील.”

“त्या दोनशेंपैकी आज किती चालताहेत?”

“ते आम्ही कसं सांगणार?”

“मी सांगते. सगळ्यांचं नाही, मला सापडले तेवढ्यांचं.” तिने वही उघडली. दोन महिने ती, भावजय आणि काका सुट्टीच्या दिवशी पत्ते हुडकत हिंडले होते. “एक्केचाळीस घरं झाली. रोज वापरतात असे बारा. नऊ जणांच्या चाकांचा चुराडा झालाय. सहा खुर्च्यांवर कपडे वाळत घालतात. आठ जणांना जखमा झाल्या, त्यातले दोघं गेले. बाकीच्यांच्या खुर्च्या दारातून आतच जात नाहीत म्हणून जिन्याखाली आहेत. नावं वाचू?”

चिटणिसांचा चेहरा पडला होता, पण माघार घ्यायची तयारीही दिसत नव्हती. “अशा तक्रारी आमच्याकडे आलेल्या नाहीत,” ते शेवटी म्हणाले.

तेव्हा कपाटाशी फायली लावत उभ्या असलेल्या बाई वळल्या. त्या संस्थेचं गोदाम सांभाळायच्या. वीस वर्षं तिथे होत्या आणि मीटिंगमध्ये त्यांना कधी कुणी खुर्ची दिली नव्हती.

“साहेब, तक्रारी नाही आल्या, खुर्च्या आल्या,” त्या म्हणाल्या. “मागच्या शेडमध्ये त्रेसष्ट आहेत. लोक आणून फाटकाशी ठेवून जातात. तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.”

चिटणिसांनी खिडकीतून मागच्या शेडकडे पाहिलं. मग चिटणीस म्हणाले, “भंगारातच जायच्या आहेत. हव्या तर घेऊन जा.”

दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर हुरळून गेली असती. कटिंगताई जागची हलली नाही. “खुर्च्या माझ्या घरात मावायच्या नाहीत. मला शेड हवी. मागच्या पाच वर्षांची यादी हवी, पत्त्यांसकट. आणि पुढची मागणी तीन मापांत नोंदवा. चौदा, सोळा, अठरा. मापं मी आणून देते, एक पै न घेता.”

“हे सगळं कार्यकारिणीला विचारावं लागेल.”

“विचारा. मी थांबते.”

आणि ती खरंच थांबली. दर सोमवारी सकाळी ती कार्यालयाच्या दारात येऊन बसायची. ना घोषणा, ना फलक. येणारे-जाणारे विचारायचे आणि ती सगळ्यांना सांगायची, अगदी शांतपणे, शेडची लांबी-रुंदीसुद्धा. सातव्या सोमवारी चिटणिसांनी शेडची किल्ली तिच्या हातात ठेवली. तूर्त वर्षभरासाठी. याद्या गोदामातल्या बाईंनी आधीच उतरवून ठेवल्या होत्या. तीन मापांचं मात्र भिजत घोंगडं पडलं.

शेड उघडायला गेल्यावर कळलं, की तिला तीन पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्च्यांच्या गोदामाला पायऱ्या! काकांना इतकं हसू आलं की ते पायरीवरच बसले. पहिला आठवडा उतार बांधण्यात गेला. भावाने आपल्या ओळखीचा गवंडी आणला आणि स्वतः भिंतींना रंग दिला. हे सगळं चालू असताना भाऊ तिच्यावर थोडा रुसलेला होता. आता ताईला आपली गरज उरली नाही, असं त्याला वाटत होतं, आणि हे त्याने एकदा भिंत घासता घासता बोलूनही दाखवलं.

“उचलायला गरज नाही,” ती म्हणाली. “भांडायला कोण आहे मला तुझ्याशिवाय?”

त्रेसष्ट खुर्च्या मोडून त्यातून पहिल्या वर्षी चव्वेचाळीस उभ्या राहिल्या. एका खुर्चीचा सांगाडा, दुसरीची चाकं, तिसरीची पाठ, असा प्रकार. जुन्या मालकाने कारखान्यातला उरलेला फोम आणि जाड कापडाचे तुकडे पाठवायला सुरुवात केली. तो स्वतः एकदा आला. मांडणी आता भिंतीला ठोकली आहे, असं म्हणाला आणि फोमचं गाठोडं उगाच सरळ करत राहिला. कटिंगताईने त्याच्याकडे पाहिलं. “बरं केलंत,” ती म्हणाली. “आता माझ्याकडे कापड येताना धुऊन येऊ द्या, डाग असतात.” त्याला माफ केलं की नाही, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. रस्ता दिसावा म्हणणाऱ्या गृहस्थांची खुर्ची रंग वाळायची राहिली होती, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा निरोप आला, की बाबा पहाटे गेले. त्यांच्यासाठी बसायची जागा दोन इंच उंच केली होती, दारापुढच्या कठड्यावरून रस्ता दिसावा म्हणून. कटिंगताई तीन दिवस शेडवर आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि वहीत त्यांच्या नावापुढे तारीख लिहिली. मग यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं. “हिची खुर्ची आधी घ्या. हिला जखम व्हायला लागली आहे.” त्यानंतर तिने एक नियम केला. ज्याला जखम आहे किंवा होऊ घातली आहे, त्याची उशी त्याच दिवशी तयार होणार, खुर्ची मागाहून आली तरी चालेल.

भावजय मापं घेण्यात इतकी तरबेज झाली, की रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे बघून “पंधरा, आणि पाय लांब” असं पुटपुटायची. शिक्षिका फळ्याच्या वरच्या काठावर तारीख लिहू लागली. पलंगावर सरकायचं होतं त्या बाई आता शेडमध्ये उशांच्या खोळी शिवतात.

तीन मापांची गोष्ट सुटायला दोन वर्षं लागली. नवीन वाटपाच्या वेळी गोदामातल्या बाई कार्यकारिणीच्या बैठकीत न बोलावता जाऊन बसल्या. त्या वर्षी फाटकाशी परत आलेल्या खुर्च्यांचा आकडा त्यांनी मांडला. शेडमधून गेलेल्यांपैकी परत आलेल्या दोन. नवीन वाटपातल्या परत आलेल्या एकोणतीस. चिटणिसांनी चष्मा पुसला आणि ठराव मांडला. सहीच्या कागदातली ‘फेरफार करणार नाही’ ही ओळ कोणी काढली याची नोंद नाही, पण पुढच्या छपाईत ती नव्हती. कटिंगताईला मापं घेण्याचं काम दिलं, पगारासकट. पगार तिने मागूनच घेतला. फुकटात केलेल्या कामाला कुणी वेळेवर बोलावत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

गेल्या हिवाळ्यात सायकलवाले काका कमरेने अधू झाले. दोन पावलं चालायचे, भिंत धरायचे, तिसरं पाऊल टाकायचे, आणि कुणी विचारलं तर “बूट चावतोय” म्हणायचे. शेडमध्ये सगळ्यांनी आठवडाभर हे नाटक पाहिलं. काठी घ्या असं भावजयीने सुचवलं, तर काका उखडलेच.

“काठी? मला? उद्या म्हणाल खुर्चीत बसा!”

दुसऱ्या दिवशी काका चाकाचा आउट काढायला उभे होते, दोन्ही हात गुंतलेले. ती मागून आली आणि फरशीपासून त्यांच्या मनगटापर्यंत टेप लावली.

“हे काय चालवलंय?”

“हलू नका. हात सैल सोडा. चौतीस.”

“मला नकोय म्हटलं ना!”

“नको तर नको. मी माप घेतलंय, काठी कुठे दिली?”

काठी तिने काकांच्याच दुकानातल्या हँडलच्या पाइपातून करून घेतली, वर सायकलची मूठ आणि खाली जाड रबर. ती तिने दाराशी टेकवून ठेवली आणि विषय संपवला. चार दिवस काका काठीच्या बाजूने असे गेले, जसं काही तिथे कुणी उभंच नाही. पाचव्या दिवशी एका दूरच्या वस्तीवरून निरोप आला. एका मुलीच्या घरी जाऊन माप घ्यायचं होतं, रस्ता चढाचा, रिक्षा वरपर्यंत जात नव्हती. कटिंगताई आणि भावजय निघाल्या. फाटकाशी पोहोचतात तोच मागून कुरकुर ऐकू आली.

“मूठ चुकीची बसवली आहे. डाव्या हँडलची आहे ही. उजव्या हाताला ही कशी चालेल?”

काका काठी टेकत येत होते. सरळ, न थांबता.

“मग परत ठेवा,” कटिंगताई न वळता म्हणाली.

“आता आणलीच आहे तर आणलीच आहे,” काका म्हणाले आणि त्यांच्या पुढे होऊन फाटक उघडून उभे राहिले.